आधी पत्रे, मग चरित्र

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी साहित्यात एम.ए. पूर्ण होत आले आहे, एकोणिसाव्या शतकातली इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियट (हे तिचे टोपणनाव) आणि तिच्या काळातले कादंबरीकार मन लावून वाचले आहेत, आणि पुढे व्हिक्टोरियन लेखकांचे अभ्यासक व चरित्रकार म्हणून काम करण्याची इच्छा आहे. तर अशा माणसाची कारकीर्द घडते कशी, तिला किती वर्षे लागतात, आणि पीएच.डी. हातात पडली की लगेच एखादे चरित्र लिहायला घ्यावे का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते. घेऊ नये. ज्या लेखकाची पत्रे कोणी गोळा करून, तारखा लावून, मूळ हस्तलिखितांशी ताडून छापलेली नाहीत, त्याचे चरित्र लिहू पाहणारा माणूस बहुधा आधीच्या चरित्रकाराच्याच चुका नव्या भाषेत उतरवून काढतो. आणि ज्याची पत्रे तशी छापली गेली आहेत, त्याच्या वाटेने आपल्याआधी चारपाच जण जाऊन आलेले असतात. माझी स्वतःची तीसेक वर्षे या क्षेत्रात गेली आणि त्यांतली बरीचशी पत्रांच्या संपादनात, म्हणजे ज्याला आपल्या विद्यापीठांत अजूनही दुय्यम काम समजतात त्यात गेली, त्यामुळे माझ्या मतावर त्याची छाया असणारच. म्हणून स्वतःविषयी बोलण्यापेक्षा एलियटच्या पत्रांचे संपादक आणि तिचे चरित्रकार गॉर्डन हेट यांची कारकीर्द समोर ठेवते, कारण या व्यवसायातले जवळजवळ सगळे गुण आणि एक मोठा धोका त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात पाहायला मिळतो.

हेट यांचा जन्म १९०१ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. येल विद्यापीठातून १९२३ मध्ये पदवी, तिथूनच १९३३ मध्ये डॉक्टरेट, आणि त्याच वर्षापासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६९ पर्यंत, तिथेच अध्यापन. त्यांचे पहिले पुस्तक १९३० चे, आणि ते लिडिया सिगोर्नी या आज विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन कवयित्रीवर होते. एलियटवरचे पहिले पुस्तक १९४० मध्ये आले. तिच्या पत्रांचे पहिले तीन खंड १९५४ मध्ये निघाले आणि सातव्या खंडापर्यंतचे लगोलग पाठोपाठ आले. चरित्र १९६८ मध्ये, आणि पुरवणीचे आठवा व नववा हे खंड १९७८ मध्ये, हेट सत्त्याहत्तर वर्षांचे असताना. १९८५ मध्ये ते वारले. येलमध्ये नोकरीला लागल्यापासून चरित्र छापून होईपर्यंत पस्तीस वर्षे गेली, हे आपल्या ‘किती वर्षे’ या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर आहे.

इतकी वर्षे का लागली, हे समजण्यासाठी आधी त्यांच्या हाती काय आले होते ते पाहावे लागते. जॉर्ज एलियट, म्हणजे वॉरिकशरमधल्या एका जमीनदारीच्या कारभाऱ्याची मुलगी मेरी ॲन एव्हान्स, डिसेंबर १८८० मध्ये वारली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या जॉन क्रॉसशी लग्न केले होते. त्याआधी चोवीस वर्षे ती लेखक जॉर्ज हेन्री लुईसबरोबर राहिली होती, आणि लुईसची कायदेशीर पत्नी हयात असल्याने ते सहजीवन समाजाच्या लेखी विवाह नव्हते. क्रॉसने १८८५ मध्ये तीन खंडांत तिचे चरित्र काढले. ते बरेचसे तिच्याच पत्रांचे व रोजनिशीचे उतारे जोडून केलेले आहे, आणि आपल्या हेतूला जे अप्रस्तुत वाटले ते प्रत्येक पत्रातून छाटले आहे, असे क्रॉस प्रस्तावनेत स्वतःच सांगून टाकतो. ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेल्या ग्लॅडस्टनने या ग्रंथाला चरित्र न म्हणता ‘तीन खंडांचे मौन’ म्हटले, ते यामुळेच. क्रॉसने विनोद गाळले, राग गाळला, पैशाचे बोलणे गाळले, आणि दोन वेगवेगळ्या पत्रांचे तुकडे एकाच तारखेखाली चिकटवले. पुढे पन्नासेक वर्षे एलियटवर लिहिणारे बहुतेक लोक या शिवलेल्या गोधडीलाच अखंड वस्त्र समजत होते. हेट यांनी एकेक मूळ पत्र शोधून ते क्रॉसच्या छापील मजकुराशी ताडायला घेतले तेव्हा कुठे टाके दिसू लागले.

१९४० च्या पुस्तकाची हकीकत मला मुद्दाम सविस्तर सांगावीशी वाटते, कारण नव्या अभ्यासकाने कुठून सुरुवात करावी याचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. जॉन चॅपमन हा लंडनमधला प्रकाशक. १४२ स्ट्रँड या पत्त्यावर त्याचे दुकान, घर आणि भाडोत्र्यांच्या खोल्या एकाच छताखाली होत्या. १८५१ च्या जानेवारीत मेरी ॲन तिथे राहायला आली. त्या घरात चॅपमनची पत्नी सुसाना होती, मुलांना सांभाळायला ठेवलेली पण प्रत्यक्षात चॅपमनची प्रेयसी असलेली एलिझाबेथ टिली होती, आणि आता ही तिसरी. चॅपमनच्या १८५१ आणि १८६० या दोन वर्षांच्या रोजनिश्या सापडल्या होत्या. हेट यांनी त्या संपादित करून, सविस्तर प्रस्तावना जोडून छापल्या. नव्या भाडेकरणीसाठी पियानो आणण्यावरून घरात धुसफूस झाल्याची नोंद त्यांत आहे. मार्च १८५१ मध्ये ती घर सोडून निघाली तेव्हा स्टेशनवर तिने त्याच्या मनातले विचारले, आणि आपला तिच्यावर जीव आहे, पण त्या दोघींवरही आहे, प्रत्येकीवर वेगळ्या तऱ्हेने, असे त्याने सांगताच तिला रडू कोसळले, हेही त्याने लिहून ठेवले आहे. क्रॉसच्या तीन खंडांत यातले काही नाही. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा त्याच घरी परतली आणि पुढची सुमारे दोन वर्षे, नाव कुठेही न छापता, ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकाची खरी संपादक तीच होती. हेट यांनी चॅपमनसारख्या दुय्यम माणसाच्या कागदांतून मुख्य लेखिकेचे एक अख्खे वर्ष उजेडात आणले. या पुस्तकाकडे लोक निंदानालस्तीच्या ओढीने वळले असतील. मला त्यातले मोल दिसते ते रोजनिशीतल्या प्रत्येक वाराचा आणि तारखेचा मेळ घालण्यात.

तारीख लावणे हा या कामाचा गाभा आहे. बाहेरच्या माणसाला ते कारकुनी वाटते. एकोणिसाव्या शतकातली माणसे पत्राच्या माथ्यावर सर्रास ‘गुरुवार संध्याकाळ’ एवढेच लिहीत. ज्याला पत्र जायचे त्याला कोणता गुरुवार ते ठाऊक असे. १८४० मध्ये इंग्लंडभर एक पेनीत पत्र जाऊ लागल्यावर पत्रांची संख्या अफाट वाढली आणि चिठ्ठ्या आखूड झाल्या. पोस्टाचा शिक्का मिळाला तर तारीख पक्की होते, परंतु तो पाकिटावर असतो, आणि संग्राहकांनी पाकिटे फेकून दिलेली असतात. मग कागदातले जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण), घराचा पत्ता, मजकुरात आलेला एखादा संगीताचा कार्यक्रम, कुणाच्या तरी आजारपणाचा उल्लेख, आणि तो कार्यक्रम कोणत्या दिवशी झाला हे सांगणारे वर्तमानपत्र, एवढ्या धाग्यांनी गुरुवार बांधावा लागतो. मराठेशाहीची पत्रे वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. महिन्याचा चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आहे पण साल नाही अशी पत्रे लावता लावता आपल्या इतिहाससंशोधकांच्या पिढ्या गेल्या, आणि राजवाड्यांनी १८९८ पासून जे बावीस खंड काढले त्यांना ‘इतिहास’ न म्हणता ‘इतिहासाची साधने’ म्हटले, त्यामागचा विचार हाच होता. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका लेखिकेचे जानेवारीतले पत्र एक वर्ष आधीचे ठरवले होते, कारण तिने सवयीने सरत्या वर्षाचा आकडा लिहिला होता आणि मी तो खरा मानला. त्या एका आकड्यामुळे तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचे पत्र मृत्यूच्या आधी जाऊन बसले आणि माझ्या लेखातला एक मोठा सिद्धान्त हवेत उभा राहिला. तो लेख छापला गेला. आजही कोणी त्याचा संदर्भ दिला की मला घाम फुटतो.

हेट यांनी पत्रांच्या खंडांत आणखी एक गोष्ट केली, जी त्या वेळी सगळ्यांना रुचली नसेल. त्यांनी फक्त एलियटची पत्रे न छापता लुईसची, तिचा प्रकाशक जॉन ब्लॅकवुड याची आणि इतरांचीही पत्रे, रोजनिश्यांतल्या नोंदींसह, कालक्रमाने शेजारी शेजारी लावली. त्यामुळे कादंबरी लिहिली जात असताना घरात काय चालले होते आणि एडिंबरात ब्लॅकवुडच्या कचेरीत काय बोलले जात होते, हे एकाच पानावर दिसते. एलियटच्या ‘रोमोला’ या कादंबरीसाठी दुसऱ्या प्रकाशकाने ७,००० पौंड दिले तेव्हा ब्लॅकवुडच्या मनाला लागलेला डंख त्याच्या पत्रांत दबलेला पण स्पष्ट आहे. एरवी केवळ लेखिकेची पत्रे वाचून तिच्याकडून व्यवहाराची बाजू लुईस किती कसोशीने सांभाळत होता, तिच्यापर्यंत प्रतिकूल परीक्षणे पोचू नयेत म्हणून किती धडपडत होता, हे कळले नसते.

कागदाची पारख याच कामात येते आणि ती कोणत्याही एम.ए.च्या अभ्यासक्रमात नसते. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी दाखवून दिले की कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची ‘रीडिंग, १८४७’ असे छापलेली मौल्यवान पहिली आवृत्ती बनावट आहे, कारण तिच्या कागदात रसायनांनी तयार केलेला लाकडाचा लगदा होता आणि तसा कागद १८७४ च्या आधी वापरातच नव्हता. त्यांनी थेट नाव घेतले नाही, तरी बोट ज्याच्याकडे वळले तो थॉमस वाइज त्या काळचा सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथसंग्राहक होता. एलियटच्या ‘ब्रदर अँड सिस्टर’ या सुनीतमालेची १८६९ साल छापलेली पुस्तिकाही त्याच टोपलीतली निघाली. हेट एलियटच्या कागदांत शिरले ते याच काळात, आणि छापील तारखेवरही विसंबून चालत नाही हा धडा त्या पिढीला सुरुवातीलाच मिळाला होता.

आता धोक्याविषयी. १९६८ च्या चरित्राला जेम्स टेट ब्लॅक हा ब्रिटनमधला साहित्यपुरस्कार मिळाला, आणि आजही एखाद्या दिवशी एलियट कुठे होती, कुणाला भेटली, काय वाचत होती हे पाहायचे असेल तर मी आधी तोच ग्रंथ उघडते. पण तीस वर्षे पत्रांत वावरलेल्या माणसाला पत्रांतून एक सूर ऐकू येऊ लागतो, आणि मग तो सगळीकडे तोच ऐकतो. तिचा कॉव्हेंट्रीचा मित्र चार्ल्स ब्रे याला मस्तकाच्या उंचसखलपणावरून स्वभाव ओळखण्याच्या तथाकथित शास्त्राचे वेड होते. तिच्या डोक्याच्या साच्यावरून काढलेल्या निष्कर्षांत, तिला कायम कुणाचा तरी आधार लागतो, एकटीने उभे राहण्याची तिची घडण नाही, असे एक वाक्य आले. हेट यांनी हे वाक्य उचलले आणि चरित्राचे पालुपद करून टाकले. वडील, भाऊ आयझॅक, डॉ. ब्रेबंट, चॅपमन, तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर, लुईस, शेवटी क्रॉस, अशी पुरुषांची रांग लागली आणि प्रत्येक वळणावर तेच वाक्य परतून आले. ज्या बाईने तिशीच्या आतच धर्मचिंतक स्ट्राउसचा भलामोठा जर्मन ग्रंथ इंग्रजीत आणला, एक आघाडीचे नियतकालिक चालवले आणि १८५४ मध्ये सगळ्या लंडनची तमा न बाळगता लुईसबरोबर जर्मनीची वाट धरली, तिला हे माप तोकडे पडते. १९७५ मध्ये रूबी रेडिंगर यांनी, १९९४ मध्ये रोझमेरी बोडेनहायमर यांनी वेगळे चित्र उभे केले. रोझमेरी ॲश्टन, कॅथरीन ह्यूज, नॅन्सी हेन्री यांची चरित्रे त्यानंतरची. मात्र यांतल्या प्रत्येकीने हेट यांच्याशी भांडण मांडले ते हेट यांनीच छापलेल्या पत्रांच्या आधाराने, आणि संपादकाच्या वाट्याला याहून मोठा मान येत असेल असे मला वाटत नाही. हेट स्वतःही थांबले नव्हते. स्पेन्सरला १८५२ मध्ये तिने लिहिलेली विनवणीची पत्रे १९७८ च्या आठव्या खंडात आली, आणि एडिथ सिमकॉक्स या तिच्यावर जीव ओवाळणाऱ्या तरुण लेखिकेच्या खासगी नोंदींचे उतारे नवव्या खंडात. त्या नोंदी समग्र छापायला मात्र १९९८ साल उजाडले.

विद्यापीठाची खुर्ची नसेल तर काय, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. इंग्रज चरित्रकार विनिफ्रेड जेरिन यांचा जन्मही १९०१ चाच. त्यांच्याकडे ना प्राध्यापकी होती ना येलसारखा संग्रह हाताशी. ब्राँटी भावंडांचा, म्हणजे तीन कादंबरीकार बहिणी आणि त्यांचा भाऊ यांचा, ध्यास घेऊन त्या यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी जाऊन राहिल्या, सगळ्या ऋतूंत त्या माळरानावर हिंडल्या, आणि ॲन (१९५९), ब्रॅनवेल (१९६१), शार्लट (१९६७), एमिली (१९७१) अशी चारही भावंडांची चरित्रे त्यांनी लिहिली. शार्लटच्या चरित्राला १९६७ चा जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार मिळाला, म्हणजे हेट यांच्या बरोबर आदल्या वर्षी. त्यांच्या पुस्तकांत हवा, वाट आणि घराच्या खिडक्या अशा काही येतात की प्राध्यापकांना ते साधत नाही. आणि त्यांच्या वेळी शार्लटच्या पत्रांची विश्वासार्ह आवृत्ती नव्हती, ही उणीवही जागोजागी जाणवते. ती आवृत्ती मार्गारेट स्मिथ यांनी १९९५ ते २००४ या काळात तीन खंडांत पुरी केली.

लेखकांनी स्वतः घातलेले अडसर वेगळेच. डिकन्सने सप्टेंबर १८६० मध्ये आपल्या गॅड्सहिलच्या घरामागे वर्षानुवर्षांची आलेली पत्रे जाळली. तरी त्याने इतरांना लिहिलेली चौदा हजारांवर पत्रे बारा खंडांत आली. कादंबरीकार टॉमस हार्डीने आपले चरित्र स्वतःच लिहून पत्नी फ्लॉरेन्सच्या नावावर प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था केली, आणि त्याचे पुढचे चरित्रकार मायकेल मिलगेट यांना आधी तो पडदा बाजूला सारावा लागला. आपले चरित्र होऊ नये अशी कादंबरीकार थॅकरेची इच्छा मुलींनी पाळली. नातीने कागद खुले केले तेव्हा गॉर्डन रे यांनी १९४५–४६ मध्ये पत्रांचे चार खंड काढले आणि चरित्राचे दोन भाग त्यानंतरच, १९५५ व १९५८ मध्ये. इथेही क्रम तोच.

व्यवहाराचे दोन शब्द. या लेखनावर घर चालत नाही; हेट यांचे चालले ते अध्यापनावर, आपलेही तसेच चालेल असे धरून चाला. प्रताधिकाराची माहिती आजच करून घ्या: पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याच्या वारसांचा किंवा ग्रंथालयाचा असतो, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाचे जे पत्र १९८९ च्या ऑगस्टपर्यंत कुठेच प्रसिद्ध झाले नव्हते, त्यावर २०३९ च्या अखेरीपर्यंत हक्क चालतो, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदातल्या चार ओळींसाठीही परवानगीची पत्रे लिहावी लागतात. जर्मन शिका, एलियटच्या बाबतीत त्याला पर्याय नाही, कारण स्ट्राउस आणि फॉयरबाख हे जर्मन विचारवंत तिने भाषांतरले होते आणि तिच्या टिपणवह्या जर्मनने भरल्या आहेत. पडद्यावर दिसणारी हस्तलिखितांची चित्रे ही मोठी सोय आहे, ती इथे बसून वापरा. पण कागद उजेडात धरल्याशिवाय जलचिन्ह दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि पहिले काम अगदी लहान घ्या. क्रॉसचे तिन्ही खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. हेट यांचा पहिला खंड मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळावा. दोन्ही शेजारी ठेवून १८४० ते १८४९ ची पत्रे ओळीने ताडा, आणि क्रॉसने काय गाळले, काय मऊ केले, कोणते तुकडे कुठे जोडले याची वही करा. सहा महिने लागतील. त्या वहीत एखाद्या माणसाचे नाव पुन्हा पुन्हा आले आणि हेट यांच्या तळटिपेत त्याच्याविषयी दोन ओळींपलीकडे काही सापडले नाही, तर त्याचे कागद कोणत्या संग्रहात आहेत ते शोधा आणि मला कळवा. तारखा लावायला मी बसेन आपल्याबरोबर.